चौदावा प्रश्न

सोमवार, ४ मार्च

विमानतळ हलणार म्हणे. शहराबाहेर, पन्नास किलोमीटरवर, टेकड्यांपलीकडच्या माळावर. सरांनी आज ऑफिसात इतक्या सहज सांगितलं, जणू टेबल या खिडकीपासून त्या खिडकीशी सरकवायचंय. सरकारने नेमलेल्या समितीला आमच्याकडून अहवाल हवाय — या शहराचं आणि आसपासच्या गावांचं विमानतळावर किती चालतं. मुदत सहा आठवडे. पाहणीला आम्ही चौघी. माझ्या वाट्याला आल्या विमानतळाच्या भिंतीलगतच्या चार गल्ल्या.

मी तिथेच राहते, हे सरांना माहीत नाही. सांगितलं नाही. काम काढून घेतील म्हणून? की दुसरी कुणी येऊन घाईघाईत फॉर्म भरून जाईल म्हणून? दोन्ही.

मंगळवार, ५ मार्च

घरात अजून बोलले नाही. ताई विमानात जाणाऱ्या जेवणाचे ट्रे भरते, सोळा वर्षं झाली. भावोजींची टॅक्सी विमानतळाच्या स्टँडवर. मी कंत्राटावर, तेही आता या अहवालापुरतं. आमच्या घराचे तिन्ही पाय एकाच खड्ड्याच्या काठावर! अर्धी भाकरी ताटात टाकून उठले. ताईने विचारलं, बरं नाही का. हो म्हटलं, पित्त झालंय.

गुरुवार, ७ मार्च

पाहणीचा पहिला दिवस. फॉर्ममध्ये तेवीस प्रश्न. बावीस नुसते भरतीचे. खरा प्रश्न चौदावा — तुमच्या कामाचा किती भाग विमानतळावर अवलंबून आहे?

पहिल्या गल्लीत शिवणवाली. हवाई सुंदऱ्यांचे कोट कमरेत आवळून देणं आणि पायलटांच्या पँटी उंचीला लहान करणं, एवढंच काम. म्हणाली, गल्लीतली गिऱ्हाइकं धरली तर महिन्याला दोन ब्लाउज. बाकी सगळं आकाशातलं.

तिसऱ्या गल्लीत चौदा खोल्यांचं लॉज. पहाटेचं विमान असलेले लोक संध्याकाळी येऊन पडतात. लॉजवाल्याचा भाऊ त्याच लोकांच्या चादरी धुतो. त्याच्याकडे सहा बायका कामाला. त्यांतल्या दोघींच्या मुलांना सांभाळणारी एक म्हातारी आहे. तिलाही विचारलं. म्हणाली, माझा काय संबंध, मी तर विमान जवळून पाहिलेलंही नाही. मग जरा वेळाने स्वतःच म्हणाली, "पण चादरी नसल्या तर पोरं कशाला माझ्याकडे ठेवतील?"

हे मी फॉर्मच्या कोपऱ्यात लिहून घेतलं. कोपरे आताच भरत आलेत.

मंगळवार, १२ मार्च

धावपट्टीची डागडुजी काढलीय. आठ दिवस सगळी विमानं शेजारच्या शहरात उतरणार. सकाळी उठले तर कान दुखल्यासारखे वाटले. आवाजच नाही! कपातला चहा हलत नाही. खिडकीची काच गप्प.

ताईला आठ दिवसांची बिनपगारी सुट्टी. तिने पहिल्या दिवशी सगळे डबे घासले.

शुक्रवार, १५ मार्च

चौथा दिवस. शांतता अंगावर येतेय. भावोजी स्टँडवर जातात आणि टॅक्सी पुसून परत येतात. आज त्यांनी आतले गालिचेही काढून झटकले. लॉजवाल्याने नऊ खोल्यांच्या गाद्या उन्हात टाकल्यात. शिवणवाली दारात बसून मशीनला तेल देतेय — परवाही देत होती.

आठ दिवसांत परत सुरू होणार हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून हसतायत. बरं झालं, झोप तरी लागते, म्हणतायत. मी एकटीच ओळखून आहे की ही रंगीत तालीम आहे.

रात्र होण्याआधीच घरात सांगून टाकलं. विमानतळ हलवायचं चाललंय, मी त्याचीच पाहणी करतेय. भावोजींनी हातातली किल्ली खिळ्याला अडकवली. ताई एवढंच म्हणाली, "आणि हे तू दहा दिवस पोटात ठेवलंस?"

बुधवार, २० मार्च

विमानं आली. सकाळी सहाला पहिलं उतरलं तेव्हा गल्लीतली लहान मुलं ओरडली. मला रडू आलं.

आता सगळे एकच विचारतात, खरं का? मी म्हणते, ठरलेलं नाही. हे खोटं नाही. पण पुरतं खरंही नाही.

चौथ्या गल्लीतले बॅगवाले काका फॉर्म भरायला तयारच होईनात. सूटकेसची मोडलेली चाकं आणि कुलपं बसवून देतात. तीस वर्षं त्याच फळीवर बसलेत. चौदाव्या प्रश्नाला 'काही नाही' लिही म्हणाले. त्यांना वाटतं, एकदा कागदावर नाव चढलं की कुणीतरी शोधत येतं. मी तासभर शेजारी बसले. म्हटलं, "काका, लिहून द्या. नाही लिहिलं तर तुम्ही इथे नाहीतच, असं धरतील."

शेवटी म्हणाले, तू आपली पोर म्हणून सही करतो. अंगठ्याएवढी वाकडीतिकडी सही.

मंगळवार, २ एप्रिल

ज्याची भीती होती तेच झालं. सरांनी दार लावून घेतलं. म्हणाले, ज्यांच्याकडे विमानतळाचा पास किंवा लेखी करार आहे, तेवढेच धरायचे. बाकी वगळायचे. म्हणजे ताई राहते, भावोजी राहतात. शिवणवाली, लॉज, चादरी, काका — सगळे पुसले. माझ्या चार गल्ल्यांत चारशे बारा माणसं सापडली होती. उरली एकशे तीन. चौघींचं मिळून तसंच. सगळ्या शहराचा आकडा पाव होतो.

मी म्हटलं, सर, ती माणसं तिथे आहेत. मी पाहिलीयत.

सर वाईट नाहीत. आवाज न चढवता म्हणाले, "समितीत बहुतेकांना हलवायचाच आहे. आपण आडवे आलो तर पुढचं काम मिळणार नाही. तुझंही कंत्राट संपत आलंय, लक्षात आहे ना?"

लक्षात आहे. दुसरं काय लक्षात असतं!

बुधवार, ३ एप्रिल

फॉर्मचा गठ्ठा घरी आणलाय, ताईच्या साड्यांखाली ठेवलाय. चोरी केल्यासारखं वाटतंय. ऑफिसच्या भाषेत ती चोरीच.

मंगळवार, १६ एप्रिल

समितीसमोर अहवाल. लांब टेबल, अकरा माणसं. मधोमध पांढऱ्या केसांच्या बाई, जुन्या इंजिनियर. आम्ही चौघी मागे भिंतीशी खुर्च्यांवर. सर पडद्यावर आकडे दाखवत होते. पण छापलेल्या प्रतींत पान एकसष्टवर माझं पूर्ण कोष्टक होतं. मीच घातलं होतं, काल, छपाईला जाताना. बाकी तिघींनी आपापले आकडे मला दिले आणि वर बघितलं नाही. कुणाच्या लक्षात येणार नाही असं अर्धं मन म्हणत होतं. येऊ नये असंही.

बाईंच्या लक्षात आलं. म्हणाल्या, पडद्यावरचा आकडा आणि पान एकसष्टचा आकडा यांत चौपट फरक आहे. हा कुठून आला?

सर पान उलटत राहिले. उलटतच राहिले. मी उभी राहिले. ठरवून नाही — पाय आपोआप उठले.

"दारोदार जाऊन," म्हटलं. "प्रत्येकाची सही आहे. फॉर्म माझ्याकडे आहेत."

बाईंनी विचारलं, यांतल्या किती माणसांना तुम्ही स्वतः भेटलात? चारशे बारा, मी म्हटलं. मग चादरीवाल्या बायका, त्यांची पोरं, ती म्हातारी, सगळं सांगितलं. आठ दिवसांच्या शांततेचंही सांगितलं. किती वेळ बोलले कोण जाणे. कुणीतरी पाणी पुढे केलं, ते निम्मं टेबलावर सांडलं.

बाहेर आल्यावर सर मला मागे टाकून निघून गेले. जिन्यात एकटी बसून राहिले. आपण हे काय केलं?

मंगळवार, ३० एप्रिल

कंत्राट संपलं. पुढे वाढवलं नाही. पिशवीत कप आणि छत्री घालून घरी आले.

ताई रागावली नाही. भावोजी म्हणाले, दिवस काढू. पण दोघांच्याही चेहऱ्यावर भीती, आणि ती मी दिलेली. दाराशी कुणी आलं की दचकते. कोण येणार आहे? तरी दचकते.

शुक्रवार, १४ जून

राहिला! विमानतळ राहिला! बातमीत सांगितलं — हलवण्याचा बेत रद्द. शहराच्या आणि आसपासच्या भागाच्या अर्थव्यवस्थेचा तो कणा आहे, असं समितीचं मत पडलं.

गल्लीत दुपारपासून लग्नघरासारखी गर्दी. शिवणवालीने माझी मापं घेतली, ड्रेस शिवून देणार म्हणे, नको म्हटलं तरी. लॉजवाल्याने हात जोडले. बॅगवाल्या काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. साडेतीन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले. आज दार उघडं टाकून झोपले असते, ताईने लावून घेतलं.

सोमवार, १७ जून

सकाळी चौथ्या गल्लीच्या तोंडाशी नोटीस लागली. बारीक अक्षर, सोबत नकाशा. सगळे जमले. काका म्हणाले, तूच वाच, तुला कळतं यातलं.

मोठ्याने वाचायला लागले. अहवालातील पान एकसष्टनुसार या विमानतळावर अवलंबून असलेल्यांची संख्या अपेक्षेच्या चौपट असल्याने सध्याची धावपट्टी अपुरी ठरते. म्हणून दुसरी धावपट्टी मंजूर. तिच्यासाठी भिंतीलगतच्या चार गल्ल्यांची जागा —

तिथे थांबले.

"पुढे?" काका म्हणाले. "वाच की. पुढे काय लिहिलंय?"