दोघींची खोली आणि बटाट्यांचं पोतं

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघे परवानगी देतील तेवढा, उरलेला मनातून). तुझी प्रकृती कशी आहे? आणि भिंतीची? "तुझ्याबरोबर सुट्टीला येण्यापेक्षा मी घरी बसून भिंत बघेन," असं म्हणून तू फोन आपटलास, त्याला पंधरवडा होत आला. एव्हाना भिंत तोंडपाठ झाली असेल. भावजींना नमस्कार. तू दिवसभर घरी आहेस, त्यामुळे त्यांची प्रकृती मी मुद्दामच विचारत नाही. आणि मी फोन करणार नाही. पत्र लिहिते, कारण पत्र आपटता येत नाही.

तर खोली दोघींची घेतली होती, ती मी रद्द केली नाही. बहिणीने तोंड फिरवलं म्हणून तळ्याने काय घोडं मारलंय? डोंगराच्या कुशीतली ही जुनी सराय. मध्यंतरी मोडकळीला आली होती, आता तिचा जीर्णोद्धार करून ती जशीच्या तशी उभी केली आहे, असं इथला व्यवस्थापक सांगतो. दिवसातून अनेकदा सांगतो. दार कुरकुरलं की "बाई, हे मूळचं आहे." जिन्याची पायरी हलली की "तीही मूळचीच." मी त्याचं नाव मूळपुरुष ठेवलंय. पलंग इतका उंच की चढायला लाकडी पायरी दिली आहे आणि उतरताना ती अंधारात सापडत नाही. न्हाणीघरातल्या टबाला सिंहाचे पंजे आहेत; मी आत बसले की तो मला घेऊन चालू लागेल अशी धास्ती वाटते. पाणी मात्र मूळचं गार.

आणि खिडकी! ज्या एका गोष्टीवरून मागच्या वर्षी आपलं वाजलं (तू म्हणालीस उघडी, मी म्हणाले बंद, मग तू माझा स्वभाव काढलास, मी तुझं घोरणं काढलं), तीच इथे माझ्या नशिबी. तळ्यावर उघडणारी ही भली मोठी खिडकी बंदच होत नाही. मी तक्रार केली. मूळपुरुष खिडकीकडे असं बघत राहिला, जणू मी त्याच्या आजीबद्दल काही बोलले. म्हणाला, "चौकट फुगली आहे बाई. पण ती मूळची..." मी म्हटलं, "माझी हाडंही मूळचीच आहेत, त्यांचाही कुणी जीर्णोद्धार करा." सुतार बोलावतो म्हणाला. तोवर मी दोन स्वेटर आणि कानटोपी घालून, तुझ्या नावाने बोटं मोडत झोपते आहे.

परवाचा प्रकार ऐक. इथे जेवणाची घंटा वाजते. घंटेने आपलं काय होतं ते तुला सांगायला नको. कॉन्व्हेंटच्या मदरनी आपल्या आयुष्याची वाट लावून ठेवली आहे. घंटा झाली आणि मी हातातलं पुस्तक टाकून जेवणघराच्या दाराशी, पाठ ताठ, हात मागे, रांगेत उभी. रांगेत मी एकटी, हे कळायच्या आत माझ्यामागे एक नवं लग्न झालेलं जोडपं येऊन उभं राहिलं, त्यांच्यामागे एक दाढीवाला चित्रकार, मग एक अख्खं कुटुंब. सगळ्यांना वाटलं, ही इथली जुनी रीत! मूळपुरुषाचे डोळे पाणावले. आता रोज घंटेला रांग लागते आणि तो नव्या पाहुण्यांना सांगतो, हे मूळचं आहे. तू असतीस तर मागून कोपराने ढोसलं असतंस आणि दोघी फिसकन हसून शिक्षा ओढवून घेतली असती. एकटीने रांगेत हसता येत नाही, लोक डॉक्टरला बोलावतात.

आता होडीचं. होडीही अर्थात जुन्या घडणीची: दोन्ही कडांना एकेक बाक, मध्ये नावाडी. एकाच बाजूला माणूस बसलं की ती कलते. नावाड्याने विचारलं, "दुसऱ्या बाई कुठायत? खोली तर दोघींची आहे." मी म्हटलं, त्या भिंत बघतायत. त्याने मला नजरेने जोखलं आणि विचारलं, "तुमच्याएवढ्याच का?" मी म्हटलं, थोड्या जास्त. (खरं तेच सांगितलं.) मग त्याने स्वयंपाकघरातून बटाट्यांचं पोतं आणून समोरच्या बाकावर बसवलं आणि वर आणखी थोडे बटाटे भरले.

पोत्याबरोबर पहिली फेरी फार सुखाची झाली. मी डोंगर दाखवला तर ते "याहून मोठा पाहिलाय" म्हणालं नाही. माझ्या टोपीला नाव ठेवलं नाही. दुसऱ्या फेरीत मला त्याचा हा थंडपणा खटकू लागला. तिसऱ्या फेरीत मी त्याला ठणकावून सांगत होते की खिडकीचा विषय पहिला तू काढलास, तेव्हा नावाडी वल्हं थांबवून म्हणाला, "जाऊ द्या बाई, ते काही बोलतंय का?" तेच तर! बोलत नाही! भांडायला समोर जिवंत माणूस लागतं, एवढीसुद्धा सोय या सरायीत नाही. कुणालाही इथे यायची शिफारस करू नकोस.

तुझी (नाइलाजाने) धाकटी बहीण

ता. क. तुझी निळी शाल चुकून माझ्या बॅगेत आली आहे. पोस्टाने पाठवणार नाही. पोस्टावर माझा विश्वास नाही (हे पत्र सोडून).

ता. क. २. सुतार येऊन गेला. खिडकी आता घट्ट बंद होते. काल बंद करून झोपले आणि डोळ्याला डोळा लागला नाही. शेवटी उठून उघडली. लगेच डोक्यावर चढू नकोस, थोडीशीच उघडली.

ता. क. ३. आत्ताच जेवून आले. सूप बटाट्याचं होतं. मला शंका आली, आचाऱ्याला विचारलं. पोतं तेच! चव बरी होती, पण घोट उतरेना. नावाडी दाराशीच उभा होता, म्हणाला, आता समोर कुणाला बसवू? मी सांगून बसले की दुसऱ्या बाई शनिवारच्या दुपारच्या बसने येतायत. कॉन्व्हेंटच्या मुली खोटं बोलत नाहीत, ताई. मला खोटं पाडू नकोस.