लाल पुस्तकाच्या चार हकिगती

पनवेल, २ जुलै २००९

आदरणीय शहाबानो खालाजान यांना,

भाची नशराचा अदबीने सलाम. तुमचे गुडघे कसे आहेत? तळोज्याला कारखान्यांचा वास पुन्हा सुरू झाल्याचं ऐकलं, तेव्हा खिडक्या लावून घेत जा. इकडे सगळे खुशाल आहेत. म्हणजे अम्मी माझ्याशी बोलत नाही आणि अब्बा माझ्यापेक्षा दुकानातल्या नादुरुस्त कुकरांशी जास्त बोलतात. मी बी.ए. झाले, पहिल्या वर्गात. आपल्या घरातली पहिलीच पदवी, म्हणून अब्बांनी पेढे वाटले; फक्त दुकानाला वीस वर्षं झाली असं कारण सांगितलं. (मंगनी तुटलेल्या मुलीचे पेढे लोक खातात, पण चव नाही म्हणतात.)

ही मंगनी कशी तुटली हे तुम्हाला सविस्तर कळवायचं राहूनच गेलं. शेवटच्या वर्षाला चारुदत्त सरांनी मला ख्रिस्ती लोकांच्या चार शुभवर्तमानांवर निबंध दिला होता. (मी मागितला नव्हता. चिठ्ठ्या टाकल्या होत्या. शेजारच्या मुलीला सातवाहनांची नाणी आली. नाण्यांवरून कोणाचं लग्न मोडत नाही.) मत्तय, मार्क, लूक, योहान या नावांनी ती पुस्तकं ओळखतात, पण ही नावंसुद्धा मागाहून लागली असं बरेच अभ्यासक मानतात. येशूनंतर पहिलं लिहिलं जाईपर्यंत तीस-चाळीस वर्षं सगळं तोंडोतोंडीच चाललं होतं. मार्कचं सगळ्यांत आखूड आणि बहुधा सगळ्यांत जुनं. मत्तय आणि लूक यांनी ते समोर ठेवून लिहिलं असावं. शिवाय मार्ककडे नसलेला बराच मजकूर त्या दोघांकडे सारखा आहे, म्हणून दोघांच्या मागे एखादं हरवलेलं मूळ असणार असा तर्क आहे. योहानची वाटच निराळी. वाचताना मला आपली हदीसची साखळी आठवली: कोणी सांगितलं, त्याने कोणाकडून ऐकलं. अब्बांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले होते. एप्रिलमध्ये अब्बा खूश होत असत.

मे महिन्यात अदीबच्या घरून, ओवे गावाहून, अंगठी परत आली आणि आठवड्याच्या आत माझ्याही चार हकिगती तयार झाल्या. पहिली आमच्या शेजारच्या अझहरची. तो पनवेल-तळोजा सिक्ससीटर चालवतो, त्यामुळे त्याला वेळ कमी: ‘नशरा लाल किताब वाचते, ख्रिश्चन झाली, मंगनी तुटली.’ उतारूला सुटे पैसे देता देता संपते. दुसरी अदीबच्या आईची. ती त्यांच्या खानदानाच्या सात पिढ्यांपासून सुरू होते आणि आठव्या पिढीत माझं लाल पुस्तक येऊन सगळ्यांची नावं बुडवतं. तिसरी समोरच्या बांगड्यावाल्या सुनंदामावशींची. त्या चार जणांना विचारून, नीट क्रम लावून, मायेने सांगतात. त्यांच्या हकिगतीत मी लाल पुस्तक छातीशी धरून चर्चच्या पायरीवर रडते. (चर्च मी रिक्षातून पाहिलं आहे.) चौथी गल्लीतल्या वडीलधाऱ्यांची. ती जग निर्माण झालं तिथून निघते आणि तीत मी मुलगी नसून जमाना आहे.

मला मात्र कोणी विचारलं नाही. मार्कच्या सर्वांत जुन्या प्रतींचा शेवट असा आहे की येशूच्या कबरीपाशी गेलेल्या बायका घाबरून पळाल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत. पुढच्या लोकांना हे सोसलं नाही, त्यांनी दुसरा शेवट जोडला. मीही त्या बायकांसारखीच गप्प बसले. झालं होतं एवढंच: अदीबचा कतारमधून, दोह्याहून फोन आला, लग्नानंतर काय करणार म्हणून विचारलं, मी एम.ए. म्हटलं. तो हसला आणि म्हणाला, “एम.ए. करून इथे काय, चपात्या इतिहासाप्रमाणे लाटणार?” मी म्हटलं, मग नकार तुम्हीच कळवा, मी कळवला तर अब्बांची मान खाली जाईल. त्याने कळवला. कारण सांगायची त्याला लाज वाटली असावी. निमित्ताला पुस्तक तयारच होतं.

ख्रिस्ती लोकांनी निदान चारही ठेवली, एकमेकांशी जुळत नसताना. आपल्या घरात माझी पाचवी मावली नाही. अब्बांचं म्हणणं, बी.ए.ने एवढं केलं, एम.ए.ने काय होईल. असो. मोठ्यांना माझे सलाम, यूम्नाच्या बाळाला पापा.

तुमची आज्ञाधारक,
नशरा

ता. क. सर सांगायचे, बरोबर मजकूर सगळ्यांचा सारखा असू शकतो. चूक सारखी असेल तर मूळ एकच. माझं शुभवर्तमानांचं पुस्तक लाल नाही खालाजान, निळं आहे. तुम्ही खजुराचा खोका घेऊन आलात त्या मंगळवारी मी खोक्याच्या लाल कागदाचं त्याला कव्हर घातलं, तुमच्यासमोरच. संध्याकाळी त्यावर चहा सांडला, म्हणून रात्री वर्तमानपत्राचं घातलं. ते लाल पुस्तक घराबाहेरच्या एकाच माणसाने पाहिलं. अदीबच्या आईने त्याच शुक्रवारी वर्तमानपत्राच्या कव्हरमधलं पुस्तक स्वतः हातात घेतलं होतं, तरी त्याही लालच म्हणतात.

ता. क. दोन. एम.ए.च्या अर्जाची मुदत अकरा तारखेच्या शनिवारपर्यंत आहे. पालकांच्या सहीची जागा कोरी आहे. अब्बा जगात फक्त तुमच्यापुढे नाही म्हणत नाहीत. तुम्ही येऊन खरं सांगा. नाहीतर खोटं सांगा, पण सही होईल असं सांगा. तुमची हकिगत किती लांब पोचते हे मी पाहिलं आहे.

ता. क. तीन. तो लाल कागद चहाच्या डागासकट माझ्याकडे आहे. अझहरला मी अजून काही बोललेले नाही. तळोज्याच्या दिवसाला सहा फेऱ्या करतो तो.