बिनलेबलांना दार

३ नोव्हेंबर
सरोवराकाठचं डुलूथ बंदर एकदाचं गाठलं! इथल्या कचेरीतली माझ्या नवऱ्याची, टोईवोची खुर्ची आता माझी. गेल्या वर्षी सरोवराने त्याला गिळलं, प्रेतही परत दिलं नाही. त्याचं अर्धवट राहिलेलं काम तरी पुरं करावं म्हणून ही नोकरी मी मागून घेतली. साहेब अर्व्हिड मॅकी म्हातारा, पण मिश्कील. धुरावलेला मासा आणि राईचा पाव पुढे ठेवून म्हणाला, कॉफी पीत नसशील तर बाई, आल्या पावली परत जा. मी कॉफीचे मगावर मग रिचवले. खूप दिवसांनी हसले.

५ नोव्हेंबर
काम ओळखीचंच, टोईवोनेच शिकवलेलं. संगणक-यंत्राच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, परवानगीचे नियम चढवायचे. नोंद असलेल्या प्रत्येकाला यंत्र एक लेबल, म्हणजे ओळखचिठ्ठी, लावतं. कोणतं लेबल कशाला हात लावू शकतं ते तिथे ठरतं. नियमात नाही ते बंद, मग खुद्द मालक का येईना! बंदराची सगळी दारं याच यंत्रावर चालतात.

८ नोव्हेंबर
जेवताना पडद्यावर एक नकार उमटला. सरोवराकडचं दार कुणीतरी मागत होतं, लेबल नसलेलं. मॅकी म्हणाला, तुझ्या नवऱ्याचं खातं पुसलं, त्याचं काहीतरी बेवारशी मागे राहिलं असेल, ओरडू दे. मीही हसण्यावारी नेलं. पण मॅकीनेच सांगितलं होतं, टोईवो जेवायला याच वेळी, त्याच दाराने आत यायचा.

९ नोव्हेंबर
पुन्हा नकार. मग दारावर थाप. दोनदा, थांबून एकदा. आमच्या स्वयंपाकघराचं दार तो असंच वाजवायचा. बाहेर कुणी नव्हतं, पायरी तेवढी ओली. मी तिथेच बसून रडले.

११ नोव्हेंबर
मॅकीला न विचारता नियम लिहिला. बिनलेबलांना दारं मोकळी. गाभ्यात चढवला. ये रे घरी, टोईवो.

१२ नोव्हेंबर
आला! खुर्ची ओली होती. माझा कॉफीचा मग, त्याचा कान डावीकडे वळवून ठेवलेला, तो डावखुरा होता तसा. दिवसभर त्या खुर्चीला हात लावून बसले.

१४ नोव्हेंबर
दार मिटतच नाही. बोळभर ओली पावलं — बुटांची, अनवाणी, काही अगदी लहान. इतकी कुणाची —
नियम माणसाला नसतो, लेबलाला असतो. टोईवोने शिकवलेला हा पहिला धडा. तोच मी विसरले. या सरोवरात बुडालेला प्रत्येक जण बिनलेबलाचाच —

१५ नोव्हेंबर
मॅकी सापडला. आपल्या खुर्चीत. कोरड्या खोलीत बुडून मेलेला. माझ्यामुळे.
यंत्राच्या खोलीत आहे. आतून कडी घातली आहे. नवा नियम तयार — बिनलेबलांना सगळी दारं बंद. फक्त चढवायचा.
दाराच्या काचेपलीकडे टोईवो. पाठ माझ्याकडे, दोन्ही हात पसरून बाकीच्या बुडालेल्यांना अडवतोय. मान वळवून खुणावतो — चढव.
चढवला की तोही बाहेर. कायमचा. मला नाही जमत —
माझा हात कडीकडे गेला तसा तो नको नको म्हणतोय. एकटा तूच ये रे, टोईवो. कडी जराशीच सरकवते, तू आलास की लगेच —