थेंबताईंच्या बारा नळ्या

शुक्रवार, ६ मार्च
बाराच्या बारा नळ्यांतले मिश्रण काचेसारखे नितळ! यश आमच्या प्रयोगशाळा सहायक बाईंचे. थेंब थेंब मोजून घालतात, म्हणून सगळे त्यांना थेंबताई म्हणतात. त्या घरी गेल्यावर विद्यार्थी आले आणि मला राहवेना. सांगत सुटलो: खारे पाणी आणि तेल म्हणजे एकमेकांचे तोंड न पाहणारे शेजारी. सर्फॅक्टंट हे साबणाचे भावंड — त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलाला. पण नुसत्या सर्फॅक्टंटचा दोघांमधला पडदा ताठर. अल्कोहोलचे आखूड रेणू मध्ये शिरतात, पडदा लवचीक होतो आणि पाण्याच्या थेंबांभोवती वळतो. थेंब इतके सूक्ष्म की तेलातून आरपार दिसते. अल्कोहोलचा वास घ्यायला बुचे काढून दिली. एक जण म्हणाला, "सर, हा तर रंगाच्या दुकानातला वास."

सोमवार, ९ मार्च
सकाळी पहिला पोहोचलो. नळ्या उघड्याच! दोन दिवस वाफा ओढणाऱ्या पंख्याच्या कपाटात अल्कोहोल उडत राहिले. मिश्रण दुधाळ, तळाशी पाणी. घाईघाईने बुचे लावली. का लावली?
मग आमचे विभागप्रमुख साहेब आले. वहीत थेंबताईंची नोंद — 'शुक्रवार, दुपारी चार, नितळ.'
"कंत्राट संपत आलं म्हणून यश लिहून टाकलंत होय, ताई?"
"डोळ्यांनी पाहिलंय, साहेब. सरांनीही पाहिलंय. हो ना, सर?"
मी म्हणालो, "नीट आठवत नाही."

मंगळवार, १० मार्च
जेवण गेले नाही. बायको म्हणाली, "मिठाची गुळणी धरून किती बसणार आहेस?"

बुधवार, ११ मार्च
काल तसेच मिश्रण दोन नळ्यांत भरून कपाटात ठेवले होते. आज बूच लावलेली नितळ, उघडी गढूळ. शंकेला जागाच नाही. दोन पानी कबुली लिहिली. उद्या साहेबांच्या हाती देणार.

गुरुवार, १२ मार्च
कागद खिशातून काढण्याआधीच साहेब म्हणाले, "मिटलं एकदाचं. ताईंनी लिहून दिलं — नळ्या न बघताच नोंद केली. कबूल केलं म्हणून कंत्राट सहा महिने वाढवून दिलंय. घर चालवायचंय म्हणाल्या."
ताईंच्या कागदावर खाली साक्षीदाराची सही हवी होती. त्यांनी पेन पुढे केले.
मी सही केली.