मशरूमचं नितळ सूप

१८ ऑक्टोबर, शनिवार, क्युपर्टिनो

घशाच्या रेडिएशननंतर गेले सात महिने सुरेशला कशाचीच चव लागत नाही. माझं माशाचं कालवणसुद्धा त्याला कोमट पाण्यासारखं. तरी लेकीनं, नेहानं, हट्टानं जपानी कैसेकीचं टेबल बुक केलं. ऋतूप्रमाणे एकेक नाजूक पदार्थ येणार, आणि ह्याला काय कळणार? मी उगाच कुढत बसले होते.

तिसरं आलं मशरूमचं नितळ सूप. सुरेशनं घोट घेतला. थांबला. परत एक घोट.

"काय रे, गिळताना दुखतंय का?" मी घाबरून विचारलं.

"नाही. मीठ कमी आहे."

नेहाच्या हातातला चमचा तसाच राहिला. "बाबा, से दॅट अगेन."

चाळीस वर्षं मी ह्याच वाक्यावरून त्याच्याशी भांडत आले. आज तीनदा म्हणायला लावलं.