महालक्ष्म्यांच्या पोटातले लाउडस्पीकर

अमरावती, श्रावण वद्य सप्तमी, १९६७

तीर्थस्वरूप चंद्रभानदादांच्या पायांवर धाकट्या कौशल्येचा माथा. (माथा आदरानेच ठेवला आहे. राग आहे तो पुढच्या ओळींत येईल.) वहिनींची कंबर कशी आहे? एरंडेल कोमट करून लावावे आणि पाण्याची घागर तुम्ही उचलावी. इकडे अंबादेवीच्या कृपेने माणसे सगळी धडधाकट आहेत, घर तेवढे बिघडले आहे.

आले ते असे. मुंबईहून रेल्वे पार्सलने अँप्लिफायर एक, तबकडी फिरवायच्या यंत्रासकट, रुपये चारशे दहा. लाउडस्पीकर दोन, मिळून एकशे ऐंशी. हमाली आणि टांगा, अडीच रुपये. मोर्शीहून एस.टी.च्या टपावरून महालक्ष्म्यांच्या पत्र्याच्या कोठ्या दोन आणि मुखवट्यांची पेटी एक. भाडे जाऊबाईंनी भरले, म्हणजे ते जन्मभर ऐकायचे आले. अकोल्याहून तुम्ही माझ्या गादीसाठी पाठवलेला कापूस पोतेभर, फुकट. हे सगळे एकाच आठवड्यात घरात आले आणि तिथेच घात झाला.

दादा, पहिला दोष तुमचा. उन्हाळ्यात तुमचे जवाई (म्हणजे आमचे हे) अकोल्याला आले तेव्हा त्यांना तुमच्या जिनिंग कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांच्या बंगल्यावर दोन लाउडस्पीकरांतून गाणे ऐकायला नेण्याची काय गरज होती? सरकी दाखवायची होती, गाठी दाखवायच्या होत्या. तिथून परतले ते डावा कान आणि उजवा कान वेगवेगळे सांभाळतच परतले. आपला रेडिओ एका कानाचा आहे, असे त्यांना पन्नाशीला टेकल्यावर कळले. शाळेत विज्ञान शिकवतात, म्हणून घरात कोणी प्रश्न विचारायची सोय नाही. मी तरी विचारले, की एवढ्या पैशांत चार तोळे सोने आले असते आणि तेही मुकाट्याने कपाटात बसले असते. तर म्हणाले, "तुले गाणं म्हंजे काय ते समजतच नाही." मी मॅट्रिक आहे दादा, आणि भजनी मंडळात झांजा माझ्याकडे असतात.

बरे, लाउडस्पीकर आले ते नागडे. नुसती कागदाची वाटी आणि मागे लोहचुंबक. त्याला मागून बंद अशी पोकळ पेटी लागते म्हणे, नाहीतर आवाज सर्दी झाल्यासारखा येतो. सुताराने सागवानी पेट्यांचे दीडशे सांगितले. तेव्हा ह्यांना काटकसर आठवली! लग्नाला सव्वीस वर्षे झाली, ही पहिली काटकसर, आणि ती कुठे केली ते ऐका.

आमच्या घराण्यातल्या महालक्ष्म्या एक वर्ष मोर्शीला थोरल्या दिरांकडे आणि एक वर्ष आमच्याकडे, असे सासूबाईंनी ठरवून दिले होते. पण आमची पाळी दर खेपेला काही ना काही निमित्ताने मोर्शीलाच राहिली, कारण पार्बताबाईंना (म्हणजे माझ्या जाऊबाईंना) माझा भरवसा नाही. यंदा दिरांनीच रेटून कोठ्या इकडे पाठवल्या. त्यांच्यावर मुखवटे ठेवायचे, लुगडी नेसवायची आणि पोटात गहू-तांदूळ भरायचे. पोटात धान्य घालायला पार्बताबाई स्वतः येणार आहेत. यंदा काही उणे निघाले, तर पाळी कायमची गेली असे समजा.

मी सोमवारी देवळातून परत आले. दोन्ही कोठ्या बैठकीत समोरासमोरच्या कोपऱ्यांत उभ्या. दोघींच्या पोटाला हातभर घेराचे गोल भोक, भोकात लाउडस्पीकर, आणि आत माझ्या गादीचा कापूस ठासलेला (पत्रा खणखणू नये म्हणून). टिनवाला पैसे घेऊन गेलासुद्धा. माझ्या हातातून प्रसादाची वाटी पडली.

"हे काय केलं?"

"आवाजाले पोट लागते," हे अगदी शांतपणे म्हणाले.

"मग तुमचं काय कमी होतं?"

त्यावर "धान्य भरतात तेव्हा समोर लुगडंच असते, कोणाले दिसते?" असे उत्तर. धान्य भोकातून बैठकभर सांडेल हे विज्ञानात येत नसावे.

पुढचे ऐका. मंगळवारी शेजारच्या गोदाबाई विरजण मागायला आल्या. कोठ्यांवर मी लाजेकाजेने जुनी लुगडी टाकून ठेवली होती. बाईंना वाटले, यंदा आमच्याकडे महालक्ष्म्या लवकर बसल्या. त्यांनी पदर घेऊन डोके टेकले, आणि नेमके तेव्हा ह्यांनी आतून तबकडी लावली. गाण्याची नव्हे, तपासणीची. तीत कोणी साहेब आधी डावीकडून दोन शब्द बोलतो आणि मग उजवीकडून. गोदाबाई तिथेच बसल्या. विरजण राहिले, चप्पल राहिली, आणि गल्लीत बातमी गेली, "थोरली बोलली, मंग धाकटीनं जबाब देला! अन् बाई, इंग्रजीत!" आवाज पुरुषी होता असे कोणी म्हटले तर म्हणतात, उपाशी देवीचा आवाज जाडाच राहणार. काल पाच बायका ओटी घेऊन आल्या. ह्यांना विचारत होत्या, देवी काय म्हणाली? हे म्हणाले, "डावं आणि उजवं बरोबर आहे." बायकांनी तेवढ्यावरही हात जोडले. ही बातमी मोर्शीला पोचायला एस.टी.सुद्धा लागणार नाही.

म्हणून लिहिते, दादा. तुमच्या जवायांना कडक शब्दांत पत्र लिहा. थोरल्यांचा धाक नसला की माणूस देवघरापर्यंत जातो. वहिनींना नमस्कार, मुलांना माझा हात डोक्यावरून.

तुमची,
कौशल्या

ता. क. : नुसत्या कडक पत्राने भोके बुजणार नाहीत. अकोल्याच्या टिनवाल्याकडून तशाच दोन कोठ्या करून घ्या, उंचीचा आणि घेराचा दोरा सोबत आहे. पॉलिश नको, इथे चुलीजवळ ठेवून मी त्या जुन्या करीन. यात लबाडी आहे असे म्हणू नका. देवीला सगळे ठाऊक आहे. ठाऊक होऊ नये ते पार्बताबाईंना.

ता. क. दुसरा : आधी पत्र्याचा भाव विचारा. काल हे शाळेत गेल्यावर, यंत्र कितपत वीज खाते ते पाहावे म्हणून मी एक अभंगाची तबकडी लावून पाहिली. डावीकडे टाळ, उजवीकडे वीणा आणि मधल्या रिकाम्या जागेतून गाणारी बाई. तिथे कोणी नव्हते दादा, मी हात फिरवून पाहिला. भाजी करपली. खणखण मात्र अजून थोडी आहे. आपला पत्रा पातळ पडतो. तेव्हा दोन नको, चार कोठ्या करा. दोन देवींच्या, बिनभोकाच्या. दोन जाड पत्र्याच्या, भोकासह, आणि त्यांत भरायला आणखी पोतेभर कापूस. ह्यांना मात्र या भोकवाल्या मी मागितल्याचे कळू देऊ नका, देवीच्या पोटाला हात लावल्याची शिक्षा म्हणून तुम्ही रागाने पाठवल्या असेच कळवा. पोळ्याच्या आत मिळतील की नाही ते उलट टपाली लिहा. कार्डावर नको, पाकिटात लिहा, पोस्टमन गोदाबाईंच्या ओसरीवर पाणी पितो.