वर्कशॉपच्या किल्ल्या

प्रिय पाटकर सर,

तुम्ही गेल्यापासून लिहायचं टाळत होते. सांगण्यासारखं चांगलं काही नव्हतंच. आज आहे! शिंदे राहतोय. मघाशी माझ्या टेबलावरचा राजीनामा त्याने स्वतःच उचलून नेला.

आपल्या पावणे गावच्या आयटीआयमधला, वेल्डिंग शिकवणारा शिंदे, सर. द्रोणागिरीच्या कंटेनर दुरुस्तीच्या यार्डाने त्याला बोलावलं होतं. आधीचे दोन शिक्षक असेच गेले. हाही गेला असता तर वेल्डिंगचा वर्गच बंद पडला असता.

नव्या शिक्षकाला पहिल्याच दिवशी तुम्ही त्याच्या वर्कशॉपची किल्ली द्यायचात, कायमची. मला धसका बसायचा. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सगळ्या किल्ल्या सिस्टरच्या कमरेला असायच्या. शिस्त म्हणजे तेच, असं मी धरून चालले. तुमच्या जागी प्राचार्य झाले आणि पहिलं काम काय केलं? सगळ्या किल्ल्या ऑफिसात टांगल्या. सकाळी सही करून न्या, चारला परत द्या.

तुम्ही त्या का देत होतात, ते एकदा तरी सांगायचंत ना मला?

गेल्या सोमवारी शिंदेला विचारलं, "पगारासाठी चाललास?"

"पगाराचं सोडा, मॅडम. आतली बाकं मी पोरांकडनं जोडून घेतली, आन् आत शिरायला मलाच सही? सर असताना रविवारीबी येत होतो. आता चारला किल्ली टांगायची नि सुटायचं. अशी नोकरी काय, कुठंबी करता येती."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या हातात किल्ल्या दिल्या, माझं चुकलं म्हणाले. शिंदेने किल्ली खिशात टाकली. राजीनामा मात्र माझ्या टेबलावरच राहिला. काल रविवारी राहवेना, म्हणून आयटीआयवर गेले. वेल्डिंगचं दार उघडं होतं, सर! आत मुलं होती, शिंदे ओरडत होता. मी तशीच परत फिरले.

आज येऊन म्हणतो, "यार्डवाल्यांना येत नाही म्हणून कळवलं. पण ऑफिसातली ती हुकांची पट्टी द्या मॅडम, पोरांना कापायला लोखंड कमी पडतंय."

दिली.

एक किल्ली अजून माझ्या पर्समध्ये आहे. तुमच्या केबिनची. तुमच्यामागे मी ऑफिसातच बसते, ती केबिन कुणाला उघडू दिली नाही. शिक्षक लेथ मशीनपाशी उभ्यानेच चहा पितात. उद्या ती किल्ली शिंदेला देईन, सगळ्यांना बसायला. तुमच्या खुर्चीत कुणी बसलं तर मला बघवणार नाही. पण उठवणारही नाही, हा शब्द देते.

तुम्ही जिला 'कुलूपवाली' म्हणून चिडवायचात,
ती सुनंदा